फुगवून सांगायचं नाही

माझ्या माहेरी कुठलीही गोष्ट तिच्या मापात सांगायची पद्धत नव्हती. नातेपुत्याच्या बाजारातून आई परत आली की पिशवी टेकवायच्या आधी म्हणायची, "मुंगी शिरायला जागा न्हाय बाजारात." वडील शाळेत क्लार्क होते. उन्हातून सायकल मारत यायचे आणि दारातच म्हणायचे, "मेलो बघा आज." आम्ही बहिणी पाणी घेऊन धावायचो. मेलेला माणूस तांब्याभर पाणी प्यायचा, हातपाय धुवायचा आणि पेपर उघडून बसायचा. यात कुणाला कुणाची फसवणूक करायची नव्हती. 'मेलो'चा अर्थ 'पाणी द्या' एवढाच होता आणि तो घरातल्या सगळ्यांना ठाऊक होता.

लग्न होऊन सोलापुरात आले ते अगदी वेगळ्या घरात. सासरे इंग्रजीचे शिक्षक, नुकतेच निवृत्त झालेले. उंच, सडपातळ, शर्टाची घडी न मोडलेली. त्यांना आवाज चढवायची कधी गरज पडली नाही. सासूबाई अबोल. नवरा सरकारी कचेरीत, स्वभावानं मऊ, वडिलांच्या शब्दाबाहेर न जाणारा. पहिल्याच उन्हाळ्यात मी दुपारची बाहेरून आले आणि सवयीनं म्हणून गेले, "मेले बाई उन्हानं."

सासरे खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मेलीस? मग बोलतेस कशी?"

सगळे हसले. मीही हसले. मग ते शांतपणे म्हणाले, "आपल्या घरात फुगवून सांगायचं नाही, बरं का. असेल तेवढंच सांगावं. माणसाचा शब्द वजनदार राहतो."

मला ते तेव्हा आवडलं होतं. खरंच सांगते. ज्या घरात रोज कुणीतरी उन्हानं, भुकेनं, हसून हसून मरत होतं, तिथून आलेल्या मुलीला हे घर सुसंस्कृत वाटलं. मी 'ऊन आहे' म्हणायला शिकले. आमटी तोंडात धरवत नसली तरी 'मीठ जरासं जास्त झालंय' म्हणायला शिकले.

नवी पेठेत एका कापडदुकानाच्या वर सासऱ्यांचा इंग्रजीचा क्लास होता. दुकानाच्या बाजूनं अरुंद लोखंडी जिना वर जायचा. खाली ड्रेस मटेरिअलचे गठ्ठे, माणसांची रेटारेटी, रिक्षांचे हॉर्न, आणि वर फळ्यासमोर बाकांवर बसलेली मुलंमुली. कुणी स्पर्धा परीक्षेचं, कुणी पुण्यात मुलाखत द्यायची म्हणून आलेलं. माझं इंग्रजीत एम. ए. झालेलं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासरे म्हणाले, "घरी बसून काय करणार? चल क्लासला." मी जाऊ लागले. पुढे बरीच वर्षं माझी सकाळ तिथंच गेली.

सासऱ्यांचा आवडता धडा वाक्प्रचारांचा. त्यातही अतिशयोक्तीचे वाक्प्रचार आले की ते खुलायचे. कॉलर नीट करत फळ्यावर लिहायचे, 'टु मेक अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल', आणि विचारायचे, "मोलहिल म्हणजे काय?"

एकदा मोहोळकडचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, मोल म्हंजी अंगावरचा तीळ की. तिळाचा डोंगर केला."

वर्ग हसला, पण मला ते उत्तर फार आवडलं. आपल्याकडे तिळाचा ताड होतोच. सासऱ्यांनी त्याला बसवलं आणि सांगितलं, की हा मोल म्हणजे इंग्लंडातला जमिनीखाली राहणारा एक प्राणी. त्याला धड दिसत नाही. तो बिळं खणतो आणि वर माती ढकलतो, त्या मातीचा ढीग म्हणजे मोलहिल. आपल्या मुलखात तो नाही. आणि इंग्रजांनी हा ढीग शोधायच्या आधी युरोपातले जुने पंडित म्हणे माशीचा हत्ती करायचे. "आपण राईचा पर्वत करतो, पराचा कावळा करतो," ते म्हणायचे. "देश कुठलाही असो, माणूस फुगवतोच. म्हणून प्रत्येक भाषेनं त्याला चाप लावायला एक वाक्प्रचार ठेवलाय."

'स्टॉर्म इन अ टीकप' सांगताना ते रोमन लोकांची गोष्ट सांगायचे. त्यांच्याकडे चहा कुठला? त्यांचं वादळ पळीत उठायचं. 'टु ले इट ऑन विथ अ ट्रॉवेल' आलं की हातानं भिंतीला गिलावा केल्यासारखं करून दाखवायचे. ट्रॉवेल म्हणजे गवंड्याची थापी. स्तुती करायची तर ती बोटानं लावावी, थापीनं थापू नये. मी पुढे तो धडा घ्यायला लागले तेव्हा त्यात माझी एक भर घातली. इंग्रजीत एखाद्याचं बोलणं 'विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' घ्यायचं असतं, म्हणजे ऐकणाऱ्यानं चिमूटभर मीठ घालून ऐकायचं. कुणी म्हणतं, जुन्या काळी विषावरचा उतारा मिठाच्या कणाबरोबर घेत, त्यावरून ते आलं. आपल्याकडे मात्र मीठ सांगणाऱ्याच्या हातात असतं. तो तिखटमीठ लावून सांगतो. म्हणजे आपला संशय सांगणाऱ्यानं आधीच वाढलेल्या ताटावर असतो, आणि इंग्रज स्वतःची मिठाची पुडी खिशात घेऊनच ऐकायला बसतो. मुलं हसायची. सासऱ्यांनाही ते पसंत पडलं होतं. "बरं सुचलं तुला," म्हणाले होते. त्यांच्या तोंडून 'बरं' म्हणजे खूप होतं.

दुखणं केव्हा सुरू झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. पाळीत दुखायचं ते कॉलेजपासूनच. आई हळद-दूध द्यायची, वीट गरम करून फडक्यात बांधून पोटाशी ठेवायची आणि शेजारणीला सांगायची, "पोरगी गडबडा लोळाय लागलीय." लग्नानंतर ते वाढत गेलं. कमरेतून निघून मांडीत उतरायचं. आत कुणीतरी ओलं कापड पिळावं तसं. आधी ते पाळीपुरतं होतं, मग पाळीच्या आधी येऊ लागलं, मग नंतरही रेंगाळू लागलं. बसताना, शौचाला जाताना, जिना चढताना.

पहिल्यांदा मी घरात सांगितलं ते स्वयंपाकघरात. भाकरी थापता थापता मला ओट्याला धरून खाली बसावं लागलं. सासूबाईंनी तवा उतरवला. नवरा आला. सासरे दारात उभे राहिले.

"काय झालं?"

"पोटात... सहन होत नाही अप्पा."

"सहन होत नाही म्हणजे? करतेच आहेस ना सहन?" त्यांचा सूर दुष्ट नव्हता. वर्गात चूक दुरुस्त करताना असायचा तसा होता. "बायकांना हे असतंच. मोलहिल. त्याचा डोंगर करायचा नाही. जरा पड, बरं वाटेल."

मी पडले. तासाभरानं उठले. उठले म्हणजे बरं वाटलं असं त्या घरात ठरलं.

रात्रीच्या जेवणाला नवरा माझ्या ताटात वाढताना हळूच म्हणाला, "अप्पांना तसं म्हणायचं नव्हतं." त्यांना कसं म्हणायचं होतं, ते त्यानं कधीच सांगितलं नाही.

मग मी शब्द लहान करत गेले. 'सहन होत नाही'चं 'दुखतंय' झालं. 'दुखतंय'चं 'थोडं दुखतंय' झालं. पुढे 'जरा बरं नाही' एवढंच उरलं. शब्द जेवढा लहान होत गेला तेवढं दुखणं मोठं होत होतं. सासूबाई मला घरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. जुने, भले गृहस्थ होते. बाहेर रांग होती. त्यांनी विचारलं, "काय त्रास आहे?" सासूबाई शेजारी बसलेल्या. मी म्हणाले, "पाळीत थोडं दुखतं." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "एखादं मूल झालं की जाईल." मूल होत नव्हतं, आणि त्याचाही या दुखण्याशी संबंध असेल, हे त्या खोलीत कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही.

पिंजऱ्यात सापडल्यासारखं मला पहिल्यांदा वाटलं ते तिथं. मोठं सांगितलं तर फुगवून सांगते म्हणून कुणी ऐकणार नाही. लहान सांगितलं तर लहानच आहे म्हणून कुणी ऐकणार नाही. मधला शब्द मी किती शोधला. मराठीत शोधला, इंग्रजीत शोधला. माझं शिक्षणच शब्दांचं. पण ज्या शब्दानं समोरचा माणूस खुर्चीतून उठेल असा एकही शब्द माझ्याकडे राहिला नव्हता.

शेवटी आईला फोनवर सांगितलं. चूक झाली असं म्हणणार नाही, पण त्यानं सगळं अवघड झालं. आई दुसऱ्या दिवशी सकाळीच सासूबाईंशी बोलली. फोनमधून तिचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत येत होता. "विहीणबाई, माजी पोर मराय टेकलीय म्हनं. तुमी कुणी बघताय का न्हाय? अन्नपाणी तुटलंय तिचं."

त्या वेळी मी समोर पोहे खात बसले होते.

 सासऱ्यांनी नुसतं माझ्या ताटलीकडे पाहिलं, पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "आता कळलं कुठून येतं ते." त्यानंतर मी दुखतंय म्हणाले की माझ्या तोंडून आईच बोलते आहे असं घरात धरलं जाऊ लागलं. बाईचं एकदा तसं नाव पडलं की पुसायला फार जड जातं. मी आईला फोन करून म्हणाले, "कशाला तसं बोललीस गं?" ती म्हणाली, "मग काय म्हनू? थोडं दुखतंय म्हनू? थोडं म्हनलं की कुणी हलतंय व्हय?"

तिचंही खरं होतं. मी फोन ठेवला आणि क्लासला गेले.

असा काळ गेला. किती गेला ते आता आठवलं तरी अंगावर येतं. मी बाहेरून ठीक दिसत होते. साडी नेसायचे, जिना चढायचे, टेबलाच्या कडेला कंबर टेकवून शिकवायचे. कडेला टेकून शिकवते म्हणून मुलांना मी जरा मोकळी, मैत्रीण वगैरे वाटायचे. त्या दिवसांत नातेपुत्याला जायचं टाळायचे, कारण एसटीत एवढा वेळ बसणं जमायचं नाही. लग्नकार्यात पंगतीत खाली बसायला नको म्हणून वाढायला उभी राहायचे. 'केवढी कामसू,' बायका म्हणायच्या.

मग दिवाळीच्या आधीचा तो दिवस आला. खाली नवी पेठ गच्च भरली होती. माणसाला माणूस घासून चालत होता. माझा वर्ग चालू होता आणि सासरे खिडकीशी बसून पेपर तपासत होते. धडा तोच, अतिशयोक्तीचा. 'टु क्राय वुल्फ' आलं होतं. मी गोष्ट सांगितली. मेंढपाळाचा मुलगा गंमत म्हणून 'लांडगा आला' ओरडतो, लोक धावत येतात, तो हसतो. खरा लांडगा येतो तेव्हा कुणी येत नाही.

मागच्या बाकावर सांगोल्याकडची एक मुलगी होती. घरी मेंढरं, स्वतः पोलीस भरतीची तयारी करणारी, रुंद खांद्यांची. फारशी बोलायची नाही. तिनं हात वर केला.

"मॅडम, आमच्यात असं होत न्हाय."

"कसं होत नाही?"

"पोरगं खोटं वरडलं तर घरी आणून त्याला बडवत्यात. पण दुसऱ्या दिवशी परत वरडलं तर परत पळत जात्यात. जावंच लागतंय की. लांडगा काय पोराला इचारून येत न्हाय."

वर्ग हसला. सासऱ्यांनी मान वर केली. "गोष्ट तात्पर्यासाठी असते," ते म्हणाले. "तात्पर्य लिहून घे."

"व्हय सर," म्हणून ती बसली.

मी फळ्याकडे वळले आणि खडू हातातून पडला. आधी वाटलं आपणच सोडला. मग उजव्या बाजूला खाली काहीतरी फाटावं तसं झालं, आणि घाम सुटला. मी टेबल धरलं. फळा जवळ आला, लांब गेला. मी प्लॅटफॉर्मवर बसले. 

सासरे उठून आले. "काय होतंय?"

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "काही नाही अप्पा. थोडं पोटात."

त्यांचा चेहरा सैल झाला. "मग पाणी पी आणि धडा पुरा कर. सुट्टी लागायच्या आत संपला पाहिजे."

मी उठायचा प्रयत्न केला. खरोखर केला.  इतक्या दिवसांत उठायचीच सवय झाली होती. अर्धी उभी राहिले आणि पुन्हा बसले. तोवर ती मुलगी बाकं ओलांडून पुढे आली होती. माझ्यासमोर उकिडवी बसून तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"मॅडम, तुमी थोडं म्हणताय. तुमच्या व्हटाचा रंग गेलाय."

"घरी सोड त्यांना," सासरे म्हणाले.

"घरी न्हाय सर. दवाखान्यात." तिनं परवानगी विचारली नव्हती. माझ्या काखेत हात घालून तिनं मला उठवलं.

जिना अरुंद. दोघी शेजारी शेजारी मावत नव्हतो. ती एक पायरी खाली, उलटी उतरत होती, आणि मी तिच्या खांद्यांवर हात ठेवून. खाली पोचलो तर बाहेर पाऊल टाकायला जागा नव्हती. माणसांची भिंत होती. रिक्षा आत येत नव्हती. दुकानदारानं स्टूल दिलं. मी टांगलेल्या ड्रेसांच्या मध्ये बसले. रेशमी, चमकीचे, नव्याचा वास येणारे कपडे माझ्या तोंडाला लागत होते आणि समोरून बायका म्हणत होत्या, "जरा बाजूला व्हा की, तो जांभळा दाखवा." मला श्वास पुरेना. इतकी वर्षं जे आत वाटत होतं ते त्या वेळी बाहेर दिसत होतं, एवढाच फरक. हलता येत नव्हतं, सांगता येत नव्हतं आणि सगळ्यांचं सगळं चालू होतं.

ती मुलगी गर्दीत घुसली आणि ओरडली, "बाजूला व्हा, बाई मराय लागलीय." माणसं बाजूला झाली. एवढ्या लवकर झाली की मी त्या स्थितीतही चकित झाले.

तिनं मला नेलं ते एका डॉक्टर बाईकडे. तिचं माहेर विणकरांचं, घरात तेलुगू बोलणारं. तिच्या मराठीत तो हेल होता. तपासताना तिनं फार काही विचारलं नाही. तपासून झाल्यावर हात धुऊन समोर बसली.

"किती दुखतंय ते नाही विचारत मी," ती म्हणाली. "किती म्हटलं की बायका कमीच सांगतात. दुखतंय म्हणून काय काय करायचं सोडलं तुम्ही, ते सांगा."

 हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगायला लागले. खाली बसून जेवायचं सोडलं. एसटीनं माहेरी जायचं सोडलं. पोटावर झोपायचं सोडलं. त्या दिवसांत नवऱ्याजवळ जायचं सोडलं, मग बाकीच्या दिवसांतही. नागपंचमीला फेर धरायचा सोडला. शिकवताना सरळ उभं राहायचं सोडलं. मोठ्यानं हसायचं सोडलं, कारण हसलं की आत ओढ बसायची. सांगता सांगता मला कळत होतं की यातला एकही शब्द फुगवलेला नाही आणि तरी हे केवढं मोठं आहे. मी रडले नाही. ती मुलगी दाराशी उभी होती, ती मात्र तोंड फिरवून बाहेर गेली.

नवरा आणि सासरे आले तोवर सोनोग्राफी झाली होती. डॉक्टरांनी दोघांना बसवलं आणि सांगितलं, की गर्भाशयाचं आतलं अस्तर बाहेर वाढलंय, अंडाशयावर गाठ झाली आहे, आतडं आणि गर्भाशय एकमेकांना चिकटलं असावं. दुर्बिणीतून ऑपरेशन करावं लागेल. "हे एका दिवसाचं नाही. फार जुनं आहे. आणि तीव्र आहे."

सासऱ्यांनी खिशातला पेन काढला आणि परत ठेवला. "तीव्र म्हणजे, डॉक्टर... हा शब्द तुम्ही शब्दशः वापरताय?"

"काका," ती म्हणाली, "मी कमीच वापरलाय."

 घरी येताना सासरे रिक्षात माझ्या आणि नवऱ्याच्या समोर, ड्रायव्हरशेजारी कसेबसे टेकून बसले होते. त्यांची मान मागून दिसत होती. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही. फक्त एवढं वाटलं की आता हे खरं आहे, कारण बाहेरच्या कुणीतरी म्हटलं.

दिवाळी झाल्यावर ऑपरेशन झालं. अपेक्षेपेक्षा लांबलं. आत बरंच काही चिकटलेलं होतं, ते सोडवावं लागलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की हे मुळापासून जाईल असं नाही, परत येऊ शकतं. मुलाचंही आता अवघड.

शुद्धीवर आले तेव्हा दुपार होती. आई नातेपुत्याहून आली होती. मला भीती होती की ती वॉर्डभर ऐकू जाईल असं काहीतरी बोलेल. पण ती कॉटशी उभी राहिली, माझ्या हाताला लावलेल्या नळीकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "दुखतंय का गं?" एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एखादी गोष्ट लहान करून म्हटली, आणि मला ते ऐकवेना.

संध्याकाळी ती चहाला खाली गेली तेव्हा सासूबाई एकट्या होत्या. मोसंबी सोलत होत्या. मी विचारलं, "आई, तुम्हाला कळत होतं का, मला किती होतंय ते?"

त्यांनी फोडीवरची साल काढली. "कळत होतं की," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मला वाटलं, तुलाही सवय होईल."

त्यांनी फोड माझ्या तोंडाशी धरली. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती की दुःख नव्हतं. भाजीला किती तिखट घालायचं ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं होतं. मी ती फोड खाल्ली. त्यांना कशाची सवय झाली होती, हे मी विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही. विचारलं तर त्या सांगतील, आणि ते ऐकून त्याच घरात पुन्हा वावरायचं कसं, हे मला माहीत नाही.

सासऱ्यांनी माफी मागितली नाही. त्यांच्या पिढीतल्या माणसाकडून मी तिची अपेक्षाही धरली नव्हती. पण मी पुन्हा क्लासला जायला लागले तेव्हा टेबलाशी एक उंच खुर्ची आणून ठेवलेली होती.  घरातही बदल झाला. आता मला दिवसातून किती तरी वेळा विचारतात, दुखतंय का? नवरा विचारतो, दहापैकी किती? त्यानं हे कुठंतरी मोबाईलवर वाचलंय. तो मनापासून विचारतो. पण उत्तर देताना मी अडते. चार म्हणू की सहा? चार म्हटलं तर कमी होईल का? सहा म्हटलं आणि नंतर ओटा पुसताना दिसले तर? पूर्वी कुणी ऐकत नव्हतं तेव्हा निदान मला ठाऊक होतं की दुखतंय. आता सगळे ऐकतात आणि मलाच माझ्या दुखण्याचं माप कळत नाही. ते मी इतकी वर्षं इतकं कापत आले की मूळ कापड किती होतं, हे आता सापडत नाही.

ती मुलगी भरती झाली. ट्रेनिंगवरून तिचा कधी तरी मेसेज येतो. 'मॅडम बऱ्या हाय का. खरं सांगा.' मी अंगठा पाठवते.

मागच्या महिन्यात ते परत आलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच. क्लास सुटायच्या वेळी उजवीकडे तीच ओढ सुरू झाली. पहिल्यासारखी होती की नाही, सांगता येत नव्हतं. सासरे पुस्तकं आवरत होते. मी म्हणाले, "अप्पा, मला वाटतं दुखतंय."

'मला वाटतं' हे मी का जोडलं, देव जाणे. त्यांनी पुस्तकं तशीच टाकली. जिना माझ्या पुढे उतरले, कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबून मागं बघत. त्यांचेही गुडघे आता साथ देत नाहीत. पेठेच्या तोंडाशी जाऊन त्यांनी रिक्षा थांबवली. आम्ही बसलो. पुढे गाड्या तुंबल्या होत्या. कुणाचा तरी टेम्पो आडवा लागला होता आणि मागून हॉर्न वाजत होते. ना पुढे जाता येत होतं ना मागे. मी पोटाशी पर्स दाबून बसले होते आणि एकच विचार करत होते, की दवाखान्यात पोचेपर्यंत हे दुखायचं थांबलं तर काय.

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "अर्जंट है क्या मॅडम? तो उधर गल्ली में से निकालता."

मी उत्तर जुळवू लागले. 'तसं अर्जंट नाही, पण' असं काहीतरी तोंडात आलं होतं.

"हो," सासरे म्हणाले. "अर्जंट आहे. फार."

रिक्षा वळली. ते समोर बघत होते, मी त्यांच्याकडे. त्यांचा शब्द खरा होता की नाही, ते मला ठरवता येईना. मी नुसता तो शब्द धरून बसले.